मामंजींचं नाव सोडवायला रत्नागिरीला

सकाळची एसटी आमच्या वाडीत येत नाही, खाली फाट्यावर येते. फाट्यापर्यंत पाखाडी (चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट) उतरायची, आणि माझे गुडघे आता मला विचारल्याशिवाय वाकत नाहीत. म्हणून तांबडं फुटायच्या आधीच निघाले. हातात कापडी पिशवी. पिशवीत एक लुगडं, नाचणीच्या दोन भाकऱ्या, लसणीची चटणी, आल्याचा तुकडा आणि बेहड्याच्या सालीची पुरचुंडी. कमरेला खोचलेला एक कागद. रत्नागिरीत काय बोलायचं ते त्यावर लिहिलेलं होतं. मी चौथी शिकले. अक्षर मोठं येतं, त्यामुळे बोलणं एवढंसं पण कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

वाडीच्या मुंबईच्या मंडळाने निरोप धाडलान, की काकी, तू रत्नागिरीला जाऊन काय केलंस ते आपल्या अंकात लिहून दे. म्हणून लिहिते. बोलते तसंच लिहिते, दुसरं येत नाही.

कशाला गेले ते आधी सांगते, कारण तुमच्यातल्या नव्या पोरांना ठाऊक नसेल. आमचे मामंजी (सासरे) म्हणजे आबा भगत. देवाला कौल लावायचे आणि झाडपाल्याचं औषध द्यायचे. मी तिशीची होते तेव्हा पुण्याचा एक मुलगा आमच्याकडे येऊन राहिला. श्रीधर त्याचं नाव. कॉलेजात होता, झाडपाल्याची आणि देवस्कीची (देवकार्याची) माहिती लिहून न्यायला आला तो पावसाळाभर राहिला. मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भावजी. पुढे डोक्याचे केस पांढरे झाल्यावर त्याने त्या दिवसांचं पुस्तक लिहिलंन. त्यात लिहिलंन की आबा भगतांनी मला शिष्य केलं, दीक्षा म्हणून धोतऱ्याचं बी खायला दिलं, मग मी पक्षी झालो, आणि सड्यावरून (कातळाच्या माळावरून) उडालो तो आरे-वाऱ्याच्या समुद्रावर जाऊन फिरलो. आबा रात्रभर उशाशी बसून मला वाट दाखवत होते.

पुस्तक पुष्कळ खपलं म्हणतात. त्यावरून भांडणंही झाली. काही शिकलेली माणसं म्हणाली, असा भगत झालाच नाही, सगळी थाप. दुसरी म्हणाली, झाला, पण तो पोरांना विष घालणारा होता. तिसरं कोणीच काही म्हणालं नाही. पाठीला पिशव्या लावून माणसं आमच्या वाडीत यायला लागली, धोतरावाल्या बाबांचं घर कुठलं विचारत. मी त्यांना पाणी द्यायची आणि परत धाडायची. मग गेल्या शिमग्यात एका बाहेरगावच्या मुलीने वाटेवरचा धोतरा पुस्तकात वाचून खाल्लान. वाचली, पण मरता मरता. तिचा बाप माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुमच्या म्हाताऱ्याने माझी पोर मारली असती." मामंजींना जाऊन तीस वर्षं झाली होती. मी त्याला तांब्या दिला. त्याने तो घेतलान नाही.

आमच्या घरी तापाने फणफणलेली माणसं आली, साप चावलेली आली, भांडून आली. पाणी कोणी नाकारलं नव्हतं. ते मला लागलं.

आणि मग शेवंतीच्या लेकीने पेपरात वाचलंन की रत्नागिरीच्या एका वाचनालयात तो पुस्तकवाला येणार आहे, त्याच्यासमोर एक कॉलेजच्या बाई बोलणार आहेत, आणि पुस्तक खरं की खोटं याची चर्चा होणार आहे. मी म्हटलं, जाते.

शेवंती माझी शेजारीण. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, जीभ मात्र माझ्याहून मोठी. ती म्हणाली, "काकी, तू एकटी गेलीस तर पुस्तकवाला राहील बाजूला, एसटीतच हरवशील." आणि आली बरोबर.

लांज्याला गाडी बदलली. लांज्यापासून पुढे हायवेचं काम चाललेलं. डोंगर कापून ठेवलेत, लालभडक, जसा फणस मधोमध चिरावा. गाडी एकदा नव्या रस्त्यावर चढायची, एकदा जुन्यावर उतरायची. धुळीने बायकांचे पदर, कंडक्टरची टोपी, सगळं एकाच रंगाचं झालं. माझं तिकीट फुकट, पंच्याहत्तरी झाली म्हणून. शेवंतीचं अर्धं. ती म्हणाली, म्हातारपणात एवढा एक फायदा.

पालीच्या आधी शेवंतीला मळमळायला लागलं. मी आल्याचा तुकडा काढला, दाताने तोडून आधी आपल्या तोंडात टाकला, मग दुसरा तिच्या हातावर ठेवला.

शेवंती म्हणाली, "आलं ते आलं. त्यानेपण मी मरेन असं वाटलं काय तुला?"

मी म्हटलं, हाताला सवय.

"तुझे मामंजी वर गेले, पण तुझी खोड काय घेऊन गेले नाहीत," ती म्हणाली आणि खिडकीला डोकं लावून झोपली.

ती झोपली आणि मला मागचं आठवत बसलं. आमचे हे मुंबईला गोदीत होते. वर्षातून शिमग्याला आणि गणपतीला यायचे. एक वर्षी मधेच आले, छाती खराब करून, आणि चार महिन्यांत गेले. पदरात दोन मुलं. त्यातलं धाकटं पुढच्याच पावसाळ्यात तापाने गेलं. मामंजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा अंधुक. विद्या द्यायची ती मुलाला, आणि मुलगा उरला नव्हता. बाईमाणसाला शिकवायची रीत नव्हती. मामंजींनी देवळात तांदूळ ठेवून कौल लावला, बाईला शिकवू काय? देवाने उजवा दिला. घरी येऊन म्हणाले, "देव हो म्हणतो. तू काय म्हणतेस?" मला कोणी काही विचारलं असं ते पहिल्यांदा. मी म्हटलं, शिकते.

पहिलं वर्ष सगळं तोंडातच गेलं. मामंजी पानं, साली, मुळं काढायला लावायचे आणि म्हणायचे, चाव. कडू, तुरट, जीभ सोलणारं. तोंडाला फोड आले की दोन दिवस पेज प्यायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा चाव. कुठलं झाड कुठल्या महिन्यात किती कडू, ते माझ्या जिभेला पाठ झालं, लिहून ठेवायची गरज पडली नाही. मूळ काढायचं असलं तर आदल्या दिवशी झाडापाशी जाऊन चार तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं, उद्या तुला न्यायला येते. न सांगता नेलं तर ती चोरी.

धोतरा आमच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) आपोआप उगवायचा. मामंजींनी तो एकदाच दाखवला. म्हणाले, "हा शंकराचा. तो पचवतो. आपण कोण?" धोतऱ्याची शिकवण एवढीच. बाकी झाडांना वर्षं लागली, याला चार शब्द.

आणि श्रीधरचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. गणपती तोंडावर आले होते, पाऊस कोसळत होता. सकाळी उठले तर हा अंगणात, अंगावरचा शर्ट फाडतोय, हवेतलं काहीतरी वेचतोय, मला ओळखत नाही. त्याच्या वळकटीखाली धोतऱ्याच्या काटेरी बोंडांची टरफलं मला मिळाली. मामंजींनी ना मंत्र म्हटला, ना कौल लावला. म्हणाले, "डोली करा. सरकारी दवाखाना." चार माणसांनी डोली उचलली. व्हाळाला (ओढ्याला) छातीएवढं पाणी. मामंजी पुढे, ज्यांना धड दिसत नव्हतं ते, काठीने तळ चाचपत. मी मागे, डोलीतला हात बाहेर पडला की आत ढकलत. डांबरी रस्त्याला चिऱ्यांचा ट्रक मिळाला. तिसऱ्या दिवशी तो रत्नागिरीत शुद्धीवर आला. तिथूनच त्याचे वडील त्याला घेऊन गेले.

टरफलं मी व्हाळात टाकली होती. पन्नास वर्षांनी लागतील हे कोणाला ठाऊक? आता माझ्याकडे होता फक्त माझा शब्द, आणि त्याच्याकडे छापलेलं पुस्तक. त्या पुस्तकात मी दोनदा आहे. एकदा चहा देते आणि एकदा भाकरी.

हातखंब्याला गाडी वळली आणि शेवंती जागी झाली. रत्नागिरीत तिची नणंद मंदा साळवी स्टॉपला राहते, तिच्याकडे उतरलो. मंदाने बांगड्याचं तिखलं केलंन, कोकम घालून, आणि भात. तिखलं फर्मास. भात मात्र विकतचा, त्याला वासच नाही. मी तसं बोलले नाही, पण शेवंती बोलली. मंदा म्हणाली, "वयनी, पुढच्या वेळी येताना तांदूळ घेऊन ये, म्हणजे वासासकट जेवशील."

दुसऱ्या दिवशी चर्चा दुपारी चारला होती. मी म्हटलं, सकाळी आरे-वारे बघून येऊ. हा कुठे उडून आला होता ते तरी बघते.

गणपतीपुळ्याच्या गाडीने गेलो. रस्ता डोंगराच्या कडेने वर चढतो आणि वळण घेतलं की एकदम खाली समुद्र. एका अंगाला आरे, दुसऱ्या अंगाला वारे, मधे डोंगराचं नाक. वाळू मऊ, ओली, पायाचा ठसा पडतो आणि लगेच भरून जातो. सुरूच्या झाडांतून वारा असा वाजत होता जसं कोणी सुपाने तांदूळ पाखडतंय. मी समुद्र आयुष्यात तीनदा बघितलाय, हा चौथा. आमच्या सड्यावर उभं राहिलं तर डोंगरामागे डोंगर दिसतो, समुद्र काही दिसत नाही. तिथून इथवर यायचं तर पक्ष्यालाही दोनदा बसावं लागेल.

एक बाई शहाळी आणि उकडलेल्या शेंगा विकत होती. तिला मी विचारलं, पुस्तक वाचून येतात काय इथे? ती म्हणाली, येतात तर. त्या टेकाडावर हात पसरून उभे राहतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. एकदा एक जण विचारत होता, मावशी, उडालेली माणसं कुठे उतरतात? तिने त्याला सांगितलंन, शहाळं घेतलंस तर सांगते.

शेवंतीने लगेच दोन्ही हात पसरलेन. "काकी, तुझी पिशवी खांद्याला घेऊनच जाते. मी चालले उडून."

तिच्याकडे बघून हसत होते, तेवढ्यात लाट आली. तशी मोठी नव्हती, पण मी पाठमोरी होते. गुडघे काही वेळेवर वळले नाहीत. कमरेपर्यंत भिजले, बसकण मारली, उजव्या पायातली चप्पल गेली. शेवंतीने दंडाला धरून ओढून काढलंन. पिशवी तिच्याकडे राहिली होती म्हणून वाचली. पण कमरेचा कागद काढला तर त्याचा लगदा. शाई सगळी माझ्या लुगड्याला लागलेली.

शहाळेवाली म्हणाली, "काय कामाचा होता काय?"

मी म्हटलं, होता.

पिशवीतलं लुगडं नेसले, पण चप्पल कुठून आणणार? दुकानात जाऊन घेऊ म्हणाली शेवंती. मी म्हटलं, राहू दे. मामंजींच्या कामाला अनवाणी जायची मला सवय आहे.

वाचनालयाच्या दारातल्या माणसाने माझे पाय बघितलेन आणि म्हणाला, "आजी, डोळे तपासणी पुढच्या चौकात."

शेवंती म्हणाली, "तिचे डोळे बरे आहेत. तुम्हीच एकदा तपासून या."

आत गारवा होता. खुर्च्या ओळीने, भिंतीला पुस्तकांची कपाटं. पुढे टेबलामागे पुस्तकाचं चित्र मोठं करून लावलेलं. त्यात एक म्हातारा, जटा वाढलेला, डोळे लाल, हातात कवटी. शेवंतीने विचारलंन, हा कोण गो? मी म्हटलं, हे मामंजी. मामंजी दर शनिवारी न्हाव्याकडे बसायचे. धुतलेली टोपी घातल्याशिवाय रोग्याला हात लावायचे नाहीत. त्या चित्राकडे बघून मला पहिल्यांदा राग आला. तोवर फक्त वाईट वाटत होतं.

श्रीधर आला. मी त्याला चालीवरून ओळखलं, खांदा एका बाजूला पडलेला, तसाच. बाकी म्हातारा झाला होता, आणि खोकत होता. दोन शब्द झाले की खोकला, पाण्याचा घोट, पुन्हा खोकला. कॉलेजच्या बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, असा कोणी भगत असल्याचा पुरावा नाही, पुस्तकात झाडांची नावं चुकलेली आहेत, हे सगळं घरी बसून लिहिलेलं आहे. श्रीधर म्हणाला, आबा होते, मी त्यांच्या घरी राहिलोय, त्यांचं मीठ खाल्लंय. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटत होतं.

मग एका गृहस्थांनी विचारलं, त्या गावचं कोणी आलंय का?

मी उठायच्या आत शेवंती ओरडली, "ही काय बसलीये. आबांची सून."

सगळ्या माना वळल्या. मी पुढे गेले. श्रीधर उभा राहिला, बघत राहिला, आणि टेबलाला वळसा घालून आला तो माझ्या पाया पडला. "वहिनी," म्हणाला. आणि तिथेच त्याला खोकल्याची उबळ आली. वाकलेला सरळ होईना.

माझ्या डोक्यात कागदावरची पहिली ओळसुद्धा उरली नव्हती. काय बोलायचं होतं, कुठून सुरू करायचं होतं, सगळं आरे-वाऱ्याच्या पाण्यात. समोर एक माणूस खोकत होता, एवढंच दिसत होतं. हात आपोआप पिशवीत गेला. पुरचुंडी सोडली, बेहड्याच्या सालीचा तुकडा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

त्याने डाव्या हातावर उजवा हात ठेवून तो घेतलान. तोंडात टाकलान नाही. हात तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी विचारलं, "भावजी, खात का नाही?"

"तुम्ही आधी घ्या ना, वहिनी."

सहज बोलला तो. आपण काही विशेष बोललो असं त्याला वाटलंही नाही. माईक टेबलावर होता, मागच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं. मी एक तुकडा मोडून आपल्या दाढेखाली धरला. तो बघत होता. मी गिळलं, तेव्हा त्याने आपला तोंडात टाकलान.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कागदावरच्या दोन बाजूंमध्ये जे नव्हतं ते माझ्या समोर उभं होतं.

मी म्हटलं, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"आबांनी." त्याचा खोकला बसत चालला होता, हसला. "आबांची रीतच ती. देणाऱ्याने आधी आपल्या तोंडात टाकायचं, जेवढं दुसऱ्याला द्यायचं तेवढं. मग दुसऱ्याला."

"कधी मोडली त्यांनी ही रीत?"

"कधीच नाही. लहान पोराला जंताचं औषध द्यायचं असलं तरी आधी स्वतः तोंड वाकडं करायचे."

"मग तुम्हाला धोतरा दिला त्या रात्री त्यांनी आधी किती खाल्ला?"

कॉलेजच्या बाईंनी पुस्तक उघडलं, पान शोधलं आणि हळू आवाजात वाचलं. आबा पहाटेपर्यंत माझ्या उशाशी शांत बसून होते, माझा एकेक श्वास मोजत, असं त्यात लिहिलेलं होतं. बाईंनी पुस्तक मिटलं.

श्रीधर खुर्चीवर बसला. चष्मा काढलान, पुसलान, घातलान नाही. मग म्हणाला, "मी चोरून खाल्ला होता. आबांना न सांगता. त्यांनी मला डोलीतून नेलं."

मी म्हटलं, "व्हाळातून."

"व्हाळातून," तो म्हणाला.

"हे का नाही लिहिलंत?"

"वहिनी, एका मूर्ख पोराला चार माणसांनी वाहून नेलं, असं लिहिलं असतं तर कोणी वाचलं असतं?"

"मी वाचलं असतं," मी म्हटलं. "अडखळत, पण वाचलं असतं."

मला आणखी बोलायचं नव्हतं. पण कॉलेजच्या बाईंनी विचारलं, आबांची खरी शिष्या मग तुम्हीच काय? मी म्हटलं, शिष्या-बिष्या मला ठाऊक नाही. आधी बरीच वर्षं मी त्यांच्या मागून चालले. मग त्यांचे डोळे गेले, तेव्हा ते माझ्या मागून चालले. आजही वाडीत कोणाला काही झालं की आधी माझ्याकडे येतात, आणि माझ्या हातचं नसलं की मी त्यांना दवाखान्यात धाडते. तेही मामंजींनीच शिकवलंय.

टाळ्या वाजल्या. मला टाळ्यांची सवय नाही, मी पदर नीट केला. शेवंती मात्र स्वतःच्याच वाट्याच्या असल्यासारखी मान हलवत होती.

श्रीधरने मला बाहेर गाठलंन. म्हणाला, पुढच्या छपाईत सगळं खरं घालतो, ते चित्रही काढतो. मी म्हटलं, ते करा, पण आधी एक पत्र लिहा. आणि शिमग्यात अंगणात उभ्या राहिलेल्या बापाची गोष्ट त्याला सांगितली. मुलीबद्दल तो आधीच ऐकून होता. बापाने पाणी घेतलं नाही हे ऐकलंन आणि मान खाली घातलीन. त्याला तांब्याची गोष्ट कळली. पावसाळाभर आमच्या घरचं पाणी प्यालेला माणूस तो.

"गाडीने सोडतो तुम्हाला घरापर्यंत," म्हणाला. मी म्हटलं, नको, एसटी मला फुकट आहे. उरलेली बेहड्याची साल त्याला दिली. रात्री दाढेखाली धरा, आणि खोकला महिन्यात गेला नाही तर डॉक्टरला दाखवा, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परतलो. मंदाने निघताना आपल्या जुन्या चपला मला दिल्यान. एक बोट मोठ्या, पण आल्या घरापर्यंत. तीच धूळ, तेच कापलेले डोंगर. शेवंतीला पुन्हा मळमळलं, पुन्हा आलं. ह्या वेळी मी आधी तोंडात टाकलं तेव्हा तिने आपणहून हात पुढे केलान. पालीच्या पुढे म्हणाली, "काकी, कागद भिजला ते बरंच झालं."

मी म्हटलं, होय. पण चप्पल गेली नसती तरी चाललं असतं.

पाखाडी चढताना चारदा बसले. वाटेत गडग्याला धोतरा फुलला होता, पांढरा, तोंड वर करून. मी त्याच्याकडे बघितलं आणि पुढे गेले. माझ्या मनात येत होतं की श्रीधर खोटा होता तसा थोडा खराही होता. पुस्तकभर त्याने आपल्याला काय काय दिसलं ते लिहिलंन, आणि हाताला जे खरोखर लागलं होतं ते एका ओळीतही लिहिलंन नाही. पण हात विसरला नव्हता. आमच्या मामंजींनी शिकवलेलं पन्नास वर्षांनी, पुण्याच्या माणसाच्या हातात, माईकसमोर, जसंच्या तसं निघालं. असे गुरू किती असतील? घरी आल्यावर मामंजींच्या टोपीची खुंटी पुसली. टोपी आता नाही, खुंटी आहे.

पौष सरत आला होता. मी अंगणात कुळीथ वाळत घालत होते. खालून एक माणूस पाखाडी चढून आला. त्या मुलीचा बाप. हातात श्रीधरचं पत्र, घडी उलगडून उलगडून मऊ झालेलं. पत्राचं मी विचारलं नाही. फक्त मुलगी बरी आहे ना, एवढं विचारलं. कॉलेजला जाते म्हणाला.

मी आत जाऊन तांब्या भरून आणला. पाणी म्हणजे काही औषध नव्हे. तरी त्याच्यासमोर उभी राहून मी आधी ओंजळीत घेऊन एक घोट प्याले आणि मग तांब्या पुढे केला.

तो उभ्याने सगळा तांब्या प्याला. तोंड पुसलंन.

"आजी," म्हणाला, "अजून मिळेल काय?"